शब्द जातात तेव्हा काय उरतं

[दृश्य: पॅरिसच्या दक्षिणेचं बिसेत्र रुग्णालय. जुन्या दगडी भिंती, लांब ओसऱ्या.]

११ एप्रिल १८६१. पॅरिसच्या वेशीबाहेरच्या बिसेत्र रुग्णालयात एका पेशंटला शस्त्रक्रिया विभागात हलवलं गेलं. वय ५१. उजवा पाय सडत चाललेला. डॉक्टरांनी नाव विचारलं. तो म्हणाला, "तां, तां." काय होतंय, कधीपासून होतंय? पुन्हा तेच, "तां, तां." एकवीस वर्षं तो याच रुग्णालयात राहत होता, आणि काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एवढंच येत होतं. सगळे त्याला तां म्हणूनच हाक मारायचे.

त्याचं खरं नाव लुई व्हिक्टर लबोर्न. बूट ज्यावर चढवून शिवतात ते लाकडी फर्मे घडवणारा कारागीर. लहान वयापासून फिट्स येत होत्या, पण काम चालू होतं. तिशीत वाचा गेली. पुढे दहाएक वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग उजवा पाय. शेवटची काही वर्षं अंथरुणावर.

त्याला तपासणारे सर्जन होते पॉल ब्रोका. वय ३६. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: इथे येऊन किती वर्षं झाली? लबोर्नने डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. बरोबर उत्तर. दुसऱ्या दिवशी ब्रोकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर तेच आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र आपली परीक्षा चालली आहे हे लबोर्नच्या लक्षात आलं. तो भडकला आणि त्याने एक शिवी हासडली. पूर्ण, सलग, स्पष्ट. "तां"खेरीज त्याच्याकडे उरलेले तेवढेच शब्द होते, आणि ते फक्त रागात बाहेर पडायचे.

दुखणं कोणत्या क्रमाने वाढत गेलं, असं विचारलं तेव्हा त्याने आधी जिभेकडे बोट केलं, मग उजव्या हाताकडे, मग उजव्या पायाकडे. वीस वर्षांचा इतिहास त्याने तीन खुणांत सांगितला.

या माणसाबद्दल रुग्णालयात मत काय होतं? स्वार्थी आहे, डूख धरतो, चोरीसुद्धा करतो. सोबतचे रुग्ण त्याचा तिरस्कार करायचे. ब्रोकांनी हेही लिहून ठेवलं आहे, आणि मला वाटतं, ते त्यांच्या नोंदीतलं फार मोलाचं वाक्य आहे. एकवीस वर्षं ज्याला आपलं म्हणणं कुणापर्यंत पोहोचवता आलं नाही तो चिडणार नाही तर काय करेल? आजही घरोघरी हेच घडतं. माणसाची वाचा जाते आणि आजूबाजूचे म्हणू लागतात, "ते आता हट्टी झालेत," "त्यांना काही कळत नाही."

[दृश्य: काचेच्या बरणीत जतन केलेला मेंदू. कॅमेरा डाव्या बाजूवर, कपाळामागच्या भागावर थांबतो.]

१७ एप्रिलला लबोर्न गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. मेंदू सगळा मिळून एकच काम करतो की त्याच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामं असतात, यावर तिथे त्या काळात जोरदार वाद चालू होता. लबोर्नच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या खंडाच्या खालच्या घडीत मोठी पोकळी पडली होती. आज या जागेला ब्रोका क्षेत्र म्हणतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरा रुग्ण आला. ८४ वर्षांचे लेलाँ, आयुष्यभर मातीकाम केलेले मजूर, मांडीचं हाड मोडलेलं. दीड वर्षापूर्वी झटका येऊन वाचा गेली होती. त्यांच्याकडे फक्त पाच शब्द उरले होते: हो, नाही, नेहमी, तीन, आणि स्वतःचं नाव, तेही अर्धंमुर्धं. मुलं किती? "तीन" म्हणाले आणि चार बोटं वर केली. त्यांत मुलगे किती? "तीन," बोटं दोन. मुली? "तीन," पुन्हा दोन बोटं. कुठल्याही आकड्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो अपुरा पडतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून बोटं. काय काम करायचात, असं विचारलं तर त्यांनी फावड्याने माती उचलून टाकण्याचा अभिनय करून दाखवला.

लेलाँ नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांच्याही मेंदूत इजा डाव्या बाजूला, जवळपास त्याच जागी. पुढच्या काही वर्षांत असे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये ब्रोकांनी लिहिलं की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतो. मार्क डॅक्स या फ्रेंच डॉक्टरांनी ही गोष्ट १८३६ मध्येच मोंपेलिए इथे मांडली होती, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं. ते टिपण छापलं गेलं १८६५ मध्ये, बापाच्या मृत्यूनंतर.

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची भाषा डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांची तिथेच. शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही डाव्या मेंदूच्याच ताब्यात. म्हणून लकवा उजव्या अंगावरून गेला की अनेकदा वाचाही सोबत जाते. जीभ जड होऊन उच्चार अस्पष्ट होणं हा वेगळा प्रकार. तिथे शब्द शाबूत असतात, स्नायू साथ देत नाहीत. मेंदूला इजा होऊन वाचा जाते त्याला वाचाघात म्हणतात, आणि त्यात बिघडते ती भाषाच. त्यामुळे बोलण्याबरोबर लिहिणं, वाचणं, ऐकलेलं समजणं यांवरही कमीअधिक परिणाम होतो. स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, आलेल्या साधारण तीन माणसांपैकी एकाला सुरुवातीला वाचाघात असतो. अपघातात डोक्याला मार, मेंदूतली गाठ, मेंदूज्वर ही इतर कारणं.

लबोर्न आणि लेलाँ यांचे जपून ठेवलेले मेंदू २००७ मध्ये एमआरआय यंत्रातून पाहिले गेले. इजा वरून दिसत होती त्यापेक्षा खूप खोल होती. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतूही तुटले होते. भाषा एका ठिपक्यात राहत नाही. अनेक भाग आणि त्यांच्यामधल्या वाटा मिळून ती चालते.

[दृश्य: काळ्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो: दवाखाना… मुलगा… रिक्षा… सोमवार…]

ब्रोकांच्या रुग्णांसारखा वाचाघात थोडा सौम्य असेल, तर बोलणं साधारण असं ऐकू येतं: "मुलगा… रिक्षा… दवाखाना… सोमवार." नामं येतात. क्रियापदं अडखळतात. प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात. मराठीत प्रत्यय गेला की वाक्याचा कणाच जातो. "माणसाने सिंहाला मारलं" आणि "माणसाला सिंहाने मारलं." शब्द तेच, क्रमही तोच. कोण मेलं हे सांगणारे फक्त "ने" आणि "ला". व्याकरणाची पकड सुटलेल्या माणसाला ऐकू येतं ते माणूस, सिंह, मारलं. बाकीचं तो अनुभवावरून ताडतो, आणि अनुभव सांगतो की सिंहच मारणार.

याच धर्तीचा एक प्रयोग इंग्लंडमध्ये रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र वाचाघात असलेले तीन पुरुष. माणसाने सिंहाला मारलं की सिंहाने माणसाला, हे वाक्यावरून त्यांना ठरवता येत नव्हतं. इंग्रजीत ते शब्दांच्या क्रमावरून कळतं, आणि तो क्रम त्यांच्या हातातून निसटला होता. मग त्यांच्यापुढे गणितं ठेवली. ५९ वजा १३. नंतर १३ वजा ५९. दोन्ही त्यांनी नीट सोडवली. कंस असलेली गणितंसुद्धा. कशातून काय वजा करायचं हा क्रम त्यांना पक्का कळत होता. वाक्य जुळवणारी यंत्रणा मोडली होती, विचार करणारी धडधाकट होती.

हा प्रयोग मी ज्याला त्याला सांगते. कारण वाचा गेलेल्या माणसावर पहिला अन्याय होतो तो इथेच. बोलता येत नाही म्हणून त्याच्याशी लहान मुलासारखं बोललं जातं, त्याच्यासमोरच त्याच्या आजाराची चर्चा होते, आणि तो ते सगळं ऐकत असतो.

[दृश्य: पोलंडमधलं व्रोत्सवाफ शहर. जुनं जर्मन नाव ब्रेस्लाऊ.]

१८७४. ब्रेस्लाऊ. २६ वर्षांचे डॉक्टर कार्ल व्हेर्निके अगदी उलट प्रकार घेऊन पुढे येतात. त्यांचे रुग्ण भरभर बोलत होते. सूर बरोबर, वाक्याचा चढउतार बरोबर, अर्थ मात्र हरवलेला. "खिडकी"ची "खिकडी" होते, चमचा हवा असताना वाटी मागितली जाते, मधूनच कुठल्याच भाषेत नसलेला शब्द येतो. समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही. यातली सगळ्यात कठीण बाजू ही की अनेकदा आपण चुकीचं बोलतोय हे त्या माणसाला जाणवत नाही. त्याच्या लेखी तो स्वच्छ बोललाय आणि समोरचे मुद्दाम दुर्लक्ष करताहेत.

इथे इजा कानाजवळच्या भागात, मेंदूच्या डाव्या कुशीत मागच्या बाजूला असते. हातापायांची ताकद बहुधा शाबूत राहते. माणूस चालतोय, हिंडतोय, पण असंबद्ध बोलतोय. घरच्यांना भ्रम झाला असं वाटतं, झोप झाली नाही म्हणून असं होत असेल असं वाटतं, आणि स्ट्रोकचे मोलाचे तास निघून जातात. अचानक असंबद्ध बोलणं हे लकव्याचं लक्षण असू शकतं, तोंड वाकडं झालेलं नसलं तरी.

[दृश्य: लिहिणारा हात. कागदावर एक ओळ पूर्ण होते. हात थांबतो.]

ऑक्टोबर १८८७, पॅरिस. कापडाच्या धंद्यातले एक सुशिक्षित गृहस्थ रस्त्यावरच्या पाट्या पाहतात आणि त्यांना एकही अक्षर लागत नाही. बोलणं उत्तम, समज उत्तम. डॉक्टर जूल देजरिन यांनी त्यांना लिहायला सांगितलं तर त्यांनी सहज लिहून दिलं. मग तोच कागद पुढे धरला. स्वतःचं अक्षर त्यांना वाचता येईना. बोटाने अक्षर गिरवलं की ते ओळखू यायचं, नुसत्या डोळ्यांनी नाही. १८९२ च्या सुरुवातीला दुसऱ्या झटक्यानंतर ते गेले, तेव्हा मेंदू तपासून देजरिननी कारण दाखवून दिलं: डाव्या मेंदूचा दृष्टीचा भाग निकामी, आणि उजव्या मेंदूला जे दिसतं ते डाव्या मेंदूतल्या भाषेच्या भागापर्यंत पोहोचवणारा पूलही तुटलेला. अक्षर दिसत होतं, पण जिथे वाचलं जातं तिथे जात नव्हतं.

भाषा एकसंध असती, तर सगळी एकदम गेली असती. ती अशी तुकड्यातुकड्याने जाते. कुणाची फक्त नावं जातात: "ते आपलं… पाणी प्यायचं… काचेचं…" पेला डोळ्यांपुढे आहे, त्याचा उपयोग माहीत आहे, शब्द तेवढा सापडत नाही. कुणाला सगळं समजतं, उत्स्फूर्त बोलता येतं, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणता येत नाही.

ज्यांची भाषा आधीपासूनच हातांची आहे, त्यांचं काय? कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी लहानपणापासून न ऐकणाऱ्या, खुणांची भाषा बोलणाऱ्या माणसांचा अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तो सविस्तर मांडला. डाव्या मेंदूला इजा झाली की त्यांचीही खुणांची भाषा मोडत होती, तिचं व्याकरण कोलमडत होतं. उजव्या मेंदूला इजा झालेल्यांना चित्र काढताना, जागेचा अंदाज घेताना अडचण यायची, भाषा मात्र टिकून राहायची. आवाज असो वा नसो, डावा मेंदू भाषा ओळखतो.

[दृश्य: हार्मोनियमवर फिरणारी बोटं. सूर ऐकू येतात, शब्द नाहीत.]

आता एक गोष्ट, जी बऱ्याच कुटुंबांना थक्क करते. पाणी मागायला शब्द सापडत नाही असा माणूस लहानपणापासून पाठ असलेली आरती पूर्ण म्हणतो. एकपासून दहापर्यंत आकडे म्हणतो. सोमवारपासून रविवारपर्यंत वार म्हणतो. मधलाच वार विचारला की अडतो, पुन्हा सोमवारपासून सुरू करून तिथवर पोहोचतो. आणि शिव्या, लबोर्नसारख्या, खणखणीत येतात. घरचे म्हणतात, "बघा, येतं बोलता, मुद्दाम बोलत नाहीत." तसं नाही. पाठ झालेलं, भावनेच्या भरात उमटणारं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. ठरवून, जुळवून बोलायचं वाक्य भाषेच्या मोडलेल्या यंत्रणेतून यावं लागतं. लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी हा फरक एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता.

१९७३ मध्ये बॉस्टनच्या तीन संशोधकांनी यातूनच उपचाराची एक पद्धत मांडली. रोजची छोटी वाक्यं चालीवर, डाव्या हाताने ताल धरत गायची, आणि हळूहळू चाल काढून घेत बोलण्याकडे यायचं. ती सगळ्यांना लागू पडत नाही. गुण नेमका सुरामुळे येतो की तालामुळे, की तेच तेच वाक्य घोकल्यामुळे, यावर संशोधकांचं एकमत नाही. पण आरती येते म्हणून वाक्यही येईल, असं समजून वाट पाहत बसू नये. ते शिकवावं लागतं, रोज.

आणि संगीतच ज्याचं काम आहे त्याचं? व्हिसारियन शेबालिन हे मॉस्कोचे संगीतकार, तिथल्या संगीत महाविद्यालयाचे एकेकाळचे प्रमुख. १९५३ मध्ये पहिला झटका, १९५९ मध्ये दुसरा. दुसऱ्यानंतर समोरच्याचं बोलणं समजेना, स्वतःचं जुळेना. अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बारकाईने अभ्यासलं. त्याच अवस्थेत शेबालिन विद्यार्थ्यांच्या रचना ऐकून दुरुस्त करत होते. १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. वाक्य ऐकून ते गोंधळायचे. वाद्यवृंदातली सगळी वाद्यं मात्र त्यांच्या मनात एकदम वाजत होती.

[दृश्य: बेळगावचा बाजार. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो.]

आपल्याकडे हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण एकाच भाषेत जगणारी माणसं कमी. बेळगावात मराठी आणि कन्नड, गोव्यात कोकणी आणि मराठी, मुंबईत घरी एक, लोकलमध्ये दुसरी, कचेरीत तिसरी. वाचाघात झाला की यांतली कोणती आधी परत येते? एका फ्रेंच विद्वानाने १८८१ मध्ये सांगितलं, सगळ्यात आधी शिकलेली. दुसऱ्याने १८९५ मध्ये सांगितलं, झटक्याआधी जी रोज वापरात होती ती. दोन्ही प्रकारचे रुग्ण सापडतात. पण बहुतेकांच्या सगळ्या भाषा एकत्रच बिघडतात आणि एकत्रच सुधारतात.

हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची आकलनशक्ती झटक्यानंतरही व्यवस्थित राहिली होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होतं. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. अधिक भाषा येण्याने बुद्धीला आधार मिळतो असं यातून दिसतं, वाचा जाण्यापासून ढाल मिळत नाही.

म्हणून उपचार कोणत्या भाषेत, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. ज्या आजींनी आयुष्य मालवणीत काढलं, त्यांना पुस्तकी मराठीतली चित्रकार्डं दाखवून "हे काय?" विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर त्यावरून काय ठरवायचं? घरातल्यांनी स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, सांगावं: आमच्याकडे या वस्तूला असं म्हणतात, भांडण या भाषेत होतं, हिशेब त्या भाषेत.

[दृश्य: अतिदक्षता विभागाचं दार. भिंतीवरचं घड्याळ.]

झटक्याच्या वेळी पहिला हिशेब तासांचा. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या स्ट्रोकमध्ये ती विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून बोलणं अचानक बिघडलं तर सकाळची वाट पाहू नका, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्या. शेवटचं नीट कधी बोलले होते, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतील.

नंतरचा हिशेब महिन्यांचा आणि वर्षांचा. सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण वर्षांनंतरही लोक नवे शब्द मिळवतात. स्पीच थेरपीचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे, आणि आठवड्याला तासभर करण्यापेक्षा ती नेटाने, जास्त वेळ केली तर अधिक. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था इथे याचं शिक्षण मिळतं. पण तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट मिळणं आजही अवघड आहे, आणि डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपी लिहिलेली असते तशी ही थेरपी प्रत्येक वेळी लिहिलेली असेलच असं नाही. नसेल तर मागून घ्या. हाताच्या व्यायामाइतकीच तीही गरजेची आहे.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. एक वही, त्यात चिकटवलेली चित्रं: चहा, औषध, चष्मा, नातवाचा फोटो.]

घरात काय करायचं? टीव्ही बंद करून समोर बसा. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात, पण मोठ्या माणसाशी बोलतो तशी. आवाज चढवू नका, ऐकू येण्याचा प्रश्न नाही. "काय पाहिजे?" असं विचारण्यापेक्षा "चहा की दूध?" असं विचारा आणि दोन्ही दाखवा. शब्द शोधू द्या; तुम्ही पटकन पुरवलेला शब्द दर वेळी मदत करतोच असं नाही. बोट, चित्र, अभिनय, कागदावरचं पहिलं अक्षर, सगळं चालेल. चुकीचा शब्द आला आणि अर्थ कळला, तर तो सुधारत बसू नका, बोलणं पुढे न्या.

आणि निर्णयांतून त्यांना वगळू नका. ऑपरेशनची संमती, बँकेतली सही, शेताची वाटणी, मुलीचं स्थळ, यांत त्यांचं मत घ्या. हो-नाहीची एक पक्की खूण ठरवून ठेवा. वाचाघातात "हो" म्हणायचं असताना तोंडातून "नाही" निघून जाऊ शकतं, तेव्हा महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा: "जमीन ठेवायची?" आणि थोड्या वेळाने, "जमीन विकायची?" दोन्ही उत्तरं जुळली तर तेच त्यांचं म्हणणं. जुळली नाहीत तर त्या दिवशी कागद बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, ते ताजेतवाने असताना, पुन्हा विचारा.